बिनतारी गावाची वेस



चाकणला संग्रामदुर्गाचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. हा भुईकोट किल्ला. त्याला डोंगराचा आधार नाही की कड्याची पाठराखण नाही. तट, खंदक आणि आत असलेली माणसे एवढाच त्याचा भरवसा. १६६० च्या पावसाळ्यात शाइस्तेखानाच्या अफाट फौजेला फिरंगोजी नरसाळ्याने येथे सुमारे पावणेदोन महिने थोपवून धरले. समोरून येऊन किल्ला मिळेना, तेव्हा मोगलांनी जमिनीखालून भुयार खणले, बुरुजाखाली सुरुंग ठासला आणि बुरूजच उडवून दिला. त्या खिंडारातून फौज आत आली. ही हकीकत आपण लहानपणापासून शौर्याची म्हणून वाचत आलो आणि ती तशी आहेच. परंतु तिच्यात राखणीच्या शास्त्राचाही एक धडा आहे. शत्रू दरवाजावर येतोच असे नाही. जेथे पहारा नाही तेथे तो येतो.

आज मला ज्या वेशीविषयी बोलावयाचे आहे ती दगडामातीची नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी, दुकानी किंवा कारखान्यात भिंतीवर एक लहानशी पेटी टांगलेली असते. तिला दोन-चार शिंगे असतात आणि तिच्यावर हिरवे दिवे लुकलुकत असतात. तिला आपण राऊटर म्हणतो, वाय-फायची पेटी म्हणतो. ती बसवावयास आलेला मुलगा पाच मिनिटांत काम उरकून जातो, जाताना एका चिठोऱ्यावर परवलीचा शब्द लिहून देतो, आणि त्यानंतर आपण त्या पेटीकडे वळूनही पाहत नाही. तिच्या पोटात सेटिंगचे एक पान असते, त्या पानात ‘ॲडव्हान्स्ड’ अशी पाटी लावलेले एक दालन असते, आणि त्या दालनात आपण सहसा पाऊल ठेवीत नाही. “ते आपले काम नव्हे,” असे आपण म्हणतो. ते काम आपले कसे झाले, कोणाच्या हातून आपल्या हाती आले, आणि आपण ते टाळले तर काय होते, याचा इतिहास सांगावा एवढाच माझा आजचा हेतू आहे.

बिनतारी दळणवळणाच्या जन्माबरोबरच त्याच्या राखणीचा प्रश्न जन्माला आला. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास विद्युत्-लहरींच्या योगाने दूरवरची घंटा वाजवून दाखविली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखविली. मधल्या भिंती लहरींना अडवू शकल्या नाहीत, याचे लोकांना केवढे कौतुक वाटले! परंतु जी लहर भिंतीला जुमानत नाही तिला भिंतीने कोंडूनही ठेवता येत नाही. तार असेपर्यंत संदेश चोरावयाचा तर तारेपाशी जावे लागे. बिनतारी संदेश मात्र शेजाऱ्याच्या अंगणातही पडतो.

मार्कोनीने याला उत्तर शोधले होते. पाठविणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे यंत्र एकाच स्वरात जुळविले म्हणजे तिसऱ्याला काही ऐकू जाणार नाही, असा त्याचा दावा होता. १९०३ च्या जून महिन्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक फ्लेमिंग यांनी त्याचा प्रयोग लावला. दूर कॉर्नवॉलहून मार्कोनीचा संदेश यावयाचा होता. तो येण्यापूर्वीच यंत्र आपण होऊन खडखडू लागले आणि कागदाच्या फितीवर ‘उंदीर, उंदीर’ असा एकच शब्द पुनःपुन्हा उमटू लागला. त्यामागोमाग मार्कोनीची टवाळी करणारी कवितादेखील आली! हा उद्योग नेव्हिल मास्केलिन नावाच्या एका जादूगाराचा होता. जवळच आपले साधे यंत्र मांडून त्याने त्या ‘खासगी’ वाटेत पाय घातला होता. फ्लेमिंग संतापले, त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून या दांडगाईचा निषेध केला. मास्केलिनने उलट विचारले की, दावा खोटा ठरला यात दोष दाखविणाऱ्याचा काय? हा वाद तेव्हापासून आजतागायत चालू आहे, आणि पुढे आपल्याला तो पुन्हा भेटणार आहे.

आता आपल्या गावाजवळ येऊ. दापोडीचा हॅरिस पूल ओलांडला की पलीकडे बोपोडी आणि खडकी. या खडकीला १९२७ मध्ये इंग्लंडशी बिनतारीने बोलणारे प्रेषण-केंद्र उभे राहिले आणि तिकडून येणारे संदेश घेण्याचे केंद्र दौंडला झाले. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते या मार्गाचे उद्घाटन झाले. ही शलाका-पद्धती होती. दिव्याचा झोत जसा एकाच दिशेला टाकावा तशी लहर एकाच रोखाने सोडावयाची. त्यामुळे शक्ती वाचे, आणि झोताच्या बाहेर उभ्या असलेल्याला ऐकणे अवघड जाई. स्वरात जुळविणे हा राखणीचा पहिला उपाय, दिशा बांधून देणे हा दुसरा. आपल्या पेटीची शिंगे आपण वळवितो, तिची शक्ती कमी-जास्त करितो, ती कोपऱ्यातून उचलून घराच्या मध्यभागी ठेवितो, तेव्हा नकळत आपण खडकीच्या इंजिनियरांचेच काम लहान प्रमाणावर करीत असतो. खडकी-दौंडचा हा कारभार पुढे तार आणि बिनतारी यांच्या संयुक्त कंपनीकडे गेला आणि १ जानेवारी १९४७ रोजी सरकारच्या परदेश संचार सेवेकडे आला. या सेवेतूनच १९८६ मध्ये विदेश संचार निगम निघाले. आज पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत असलेल्या दिघीला या निगमाची विस्तीर्ण जागा होती, आणि या निगमानेच १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य नागरिकाला इंटरनेटचे दार उघडून दिले.

परंतु या सर्व काळात किल्ली कोणाच्या हाती होती? ती सरकारच्या हाती होती. १९३३ च्या बिनतारी कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरविला होता. श्रोत्यांतील वडीलधाऱ्यांना आठवत असेल की घरी रेडिओ असला तर टपालकचेरीत जाऊन त्याचा वार्षिक परवाना भरावा लागे. परवान्याचे ते पुस्तक कपाटात जपून ठेवावे लागे. ती पद्धत १९८० च्या दशकात संपली. तोवर आकाशातील प्रत्येक लहरीला सरकारी पहारेकरी होता.

या पहाऱ्याची दुसरी बाजूही आपण विसरता कामा नये. १९४२ च्या ऑगस्टमध्ये सर्व नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप लागले, तेव्हा मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर त्यांचा आवाज प्रथम उमटला. यंत्र आज एका घरात, तर काही दिवसांनी दुसऱ्या घरात असे हलत राहिले. मागावर लहरीची दिशा हुडकणाऱ्या पोलिसांच्या गाड्या होत्या. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावात छापा पडला आणि उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. ती त्यांनी आपल्या येरवड्यात भोगली. सत्तेच्या एकट्या हातात किल्ली असली म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण आहे. लहरींवरचा पहारा सैल व्हावा ही इच्छा केवळ व्यापाऱ्यांची नव्हती. तिच्यात स्वातंत्र्याचाही एक धागा होता.

पहारा सैल होण्याची सुरुवात अमेरिकेत झाली. १९८५ मध्ये तेथील नियामक मंडळाने लहरींचे काही पट्टे परवान्यावाचून वापरावयास मोकळे केले. हे पट्टे फार मोलाचे नव्हते. अन्न तापविण्याच्या मायक्रोवेव्ह भट्ट्या ज्या पट्ट्यात कुजबुजतात, तो २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा त्यांत होता. गावाबाहेरचे पडीक रानच म्हणा ना! पण त्या पडीक रानात वस्ती झाली. १९९७ मध्ये बिनतारी संगणक-जाळ्याचे पहिले प्रमाण ठरले आणि काही वर्षांतच जगभर वाय-फाय पसरले. आपल्या सरकारनेही टप्प्याटप्प्याने हा पट्टा मोकळा केला, आणि २००५ च्या जानेवारीतील अधिसूचनेने ठराविक शक्तीच्या मर्यादेत तेथे परवान्याची गरज उरली नाही.  १९३३ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदाही मंजूर झाला.

या २००५ च्या अधिसूचनेला मी फार महत्त्व देतो. त्या दिवशी किल्ली सरकारच्या हातून नागरिकाच्या हाती आली. भोसरीच्या पत्र्याच्या शेडमधला कारखानदार आणि निगडीच्या सदनिकेतला गृहस्थ, दोघेही आपापल्या छोट्या प्रेषण-केंद्राचे मालक झाले. १९२७ मध्ये ज्यासाठी व्हाइसरॉय यावा लागला ते आता विनापरवाना घराघरात झाले! परंतु किल्लीबरोबर पहाराही आपल्याकडे आला, हे मात्र आपल्या ध्यानात आले नाही. कोणी ते आपल्याला सांगितलेही नाही.

कुलपांची कथा तर आणखी बोधप्रद आहे. १९९७ च्या प्रमाणात जे पहिले कुलूप दिले त्याचे नाव वेप. तारेवर बोलताना जेवढी खासगी राहते तेवढी येथे राहावी, एवढीच त्याची अपेक्षा होती. हे कुलूप संदेशाच्या प्रत्येक तुकड्याबरोबर गुप्त किल्लीला एक छोटा आकडा जोडी आणि त्यावरून तो तुकडा सांकेतिक करी. पण तो आकडा उघड्यावरच पाठविला जाई, आणि असे आकडे होते एकंदर सुमारे १ कोटी ६७ लाख. ऐकावयास ही संख्या मोठी वाटते; परंतु वर्दळीच्या जाळ्यावर ते आकडे लवकरच फिरून येत. शिवाय काही आकडे असे होते की त्यांच्या आडून किल्लीची अक्षरेच डोकावत. २००१ मध्ये फ्लुहरर, मँटिन आणि शामीर या तिघा शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिले, आणि त्यानंतर ते कुलूप म्हणजे दाराला लावलेली दोरी ठरली. २००३ मध्ये तात्पुरती डागडुजी म्हणून डब्ल्यूपीए हे कुलूप आले, २००४ मध्ये पक्के असे डब्ल्यूपीए-दोन आले. नवी कुलपे आली, पण जुन्या पेट्या घराघरात जुनेच कुलूप लावून बसल्या, किंवा कुलूपच न लावता बसल्या.

त्याची किंमत कोणी दिली ते आता सांगावयाचे आहे.

२६ जुलै २००८ ही शनिवारची संध्याकाळ. अहमदाबादेत तासा-सव्वा तासात एकामागून एक स्फोट झाले. रुग्णालयाच्या आवारातही झाले. ५६ माणसे गेली. पहिल्या स्फोटाच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांकडे एक धमकीचा ई-मेल आला होता. तपास करणाऱ्यांनी त्या ई-मेलचा माग काढला तो नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका सदनिकेत निघाला. तेथे एक परदेशी गृहस्थ कुटुंबासह राहत होता. त्याच्या घरच्या वाय-फायला पुरेशी राखण नव्हती, आणि कोणीतरी बाहेरून त्याच्याच वाटेने तो संदेश पाठवून निघून गेला होता. त्या गृहस्थाचे संगणक जप्त झाले, त्याची चौकशीवर चौकशी झाली, देशोदेशीच्या वृत्तपत्रांत त्याचे नाव झळकले. पुढे त्याचा काही संबंध नव्हता असे निष्पन्न झाले. परंतु मधल्या त्या दिवसांत त्याने आणि त्याच्या कुटुंबाने काय सोसले असेल, याची कल्पना आपणच करावी. बरे, एवढ्याने शहाणपण आले का? २३ ऑगस्टला असाच दुसरा ई-मेल गेला तो माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या जाळ्यावरून. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा ई-मेल चेंबूरच्या एका कंपनीच्या जाळ्यावरून गेला. दीड-पावणेदोन महिन्यांत तीन घरे, तिन्ही महाराष्ट्रातली आणि तिन्ही निरपराध! त्याच वर्षी पोलिसांनी ज्यांना पकडले त्यांत पुण्यात संगणकक्षेत्रात नोकरी करणारे तरुणही होते. अहमदाबादच्या खटल्याचा निकाल २०२२ च्या फेब्रुवारीत लागला. विशेष न्यायालयाने ४९ जणांना दोषी ठरविले आणि त्यांपैकी ३८ जणांना फाशीची शिक्षा सुनावली.

या घटनेनंतर काय झाले पाहा. २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी गल्लोगल्ली हिंडून उघडी वाय-फाय जाळी हुडकण्याची मोहीम जाहीर केली. १९४२ मध्ये मुंबईच्या रस्त्यांतून लहरी हुंगत फिरणाऱ्या गाड्यांची येथे आठवण होते की नाही? फेब्रुवारीत दूरसंचार खात्याने सेवा देणाऱ्या कंपन्यांना सूचना काढली की ग्राहकांच्या वाय-फायवर ओळख पटविल्यावाचून कोणाला प्रवेश मिळता कामा नये. म्हणजे चारच वर्षांत सरकारी पहारेकरी पुन्हा वेशीपाशी येऊन उभा राहिला. त्याला मी दोष देत नाही. ५६ माणसे मेल्यावर सरकारने हातावर हात धरून बसावे काय? परंतु यातून इतिहासाचा एक नियम दिसतो, आणि माझ्या व्याख्यानाचे सार तेच आहे. नागरिकाने राखण केली नाही तर ती राखण दुसरा कोणीतरी करू लागतो, आणि मग किल्लीही त्याच्याकडे जाते. विनापरवाना लहरींचे स्वातंत्र्य आपल्याला जितक्या सहज मिळाले, तितक्याच सहज ते आपल्या आळसापायी आवळले जाऊ शकते.

मग पक्के कुलूप लावले म्हणजे संपले का? येथे संग्रामदुर्ग पुन्हा आठवावा. डब्ल्यूपीए-दोनचा तट भक्कम होता. पण लोकांना लांबलचक परवलीचा शब्द टंकावयाचा कंटाळा, म्हणून २००७ च्या सुमारास पेटीवर एक सोय आली. तिचे नाव डब्ल्यूपीएस. एक बटण दाबा किंवा आठ आकड्यांची एक संख्या सांगा की यंत्र आत येते. आठ आकडे म्हणजे कोट्यवधी शक्यता. कोण कशाला मोजत बसेल? परंतु शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरणारा होता. शिवाय पेटी त्या संख्येचे दोन तुकडे करून, पहिले चार बरोबर की चूक हे आधी सांगे आणि उरलेले मग तपाशी. त्यामुळे एक कोटी प्रयत्नांचे काम दहा हजार अधिक एक हजार, म्हणजे केवळ ११ हजार प्रयत्नांत उरकू लागले. २०११ च्या डिसेंबरात स्टेफान फीबॉक या तरुणाने हे उघड केले. तट शाबूत होता, दरवाजा बंद होता. सुरुंग सोयीच्या बुरुजाखाली लागला होता! त्या ‘ॲडव्हान्स्ड’ दालनात डब्ल्यूपीएस बंद करण्याची जी एक खूण असते, तिच्यामागे हा इतिहास आहे.

२०१७ च्या ऑक्टोबरात बेल्जियमच्या मॅथी व्हॅनहोफ याने खुद्द डब्ल्यूपीए-दोनच्या तटातही एक फट दाखविली. किल्लीची देवघेव होताना मधला एक संदेश पुन्हा पाठविला की यंत्र वापरलेलीच किल्ली नव्याने बसवी. त्याने ही फट आधी कारखानदारांना कळविली, त्यांना दुरुस्तीला अवधी दिला आणि मग जगाला सांगितले. येथे आपल्या रायगडाची हिरकणीची आख्यायिका आठवल्यावाचून राहत नाही. सूर्यास्ताला गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हे बाळ, म्हणून ती गवळण अवघड कडा उतरून गेली. आख्यायिका सांगते की महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. तिचा गौरव केला आणि जेथून ती उतरली तेथे बुरूज बांधला. फट दाखविणाऱ्याचा गौरव करावा आणि फट बुजवावी, हा न्याय आपल्या लोकांना फार पूर्वीच सुचला होता. फ्लेमिंग यांना मात्र १९०३ मध्ये तो सुचला नाही. पेटीच्या पानावर ‘अद्ययावत करा’ अशी जी सूचना येते ती म्हणजे हिरकणी बुरूज बांधण्याचे बोलावणे होय. कारखान्याने दगड पाठविलेले असतात. ते रचावयाचे की नाही हे आपल्या हाती असते. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-तीन हे नवे कुलूप आले, त्यात किल्लीच्या देवघेवीची रीतच बदलली. ज्यांची यंत्रे ते ओळखतात त्यांनी ते लावावे. इतरांनी निदान डब्ल्यूपीए-दोनच्या खाली उतरू नये.

आता हा सारा इतिहास आपल्या पट्ट्यात आणून पाहू. १९५४ मध्ये पिंपरीला पेनिसिलिनच्या सरकारी कारखान्याची उभारणी सुरू झाली तेव्हा आजूबाजूला शेती होती. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका झाली, आणि कारखान्यांची रांग पुढे चाकणपर्यंत गेली. या मोठ्या कारखान्यांच्या दाराशी संगणक-जाळ्याचे शिकलेले राखणदार असतात. परंतु त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या शेकडो लहान शेडमध्ये असा राखणदार कोठून यावयाचा? समजा, भोसरीत एक गृहस्थ चार सीएनसी यंत्रे चालवितात. त्यांच्याकडे मोठ्या गिऱ्हाइकाची रेखाचित्रे येतात. त्याच पेटीवर यंत्रे, हिशेबाचा संगणक, दारावरचा कॅमेरा, कामगारांचे फोन आणि मालाची गाडी घेऊन आलेल्या ड्रायव्हरचा फोन, असा सारा गोतावळा असतो. परवलीचा शब्द भिंतीवर खडूने लिहिलेला असतो. तो शब्द एकदा गावाला ठाऊक झाला म्हणजे कुलूप कितीही नवे असले तरी काय कामाचे?

आपल्या जुन्या वाड्यांची रचना येथे गुरू करावी. आलागेला ओसरीवर बसे. ओळखीचा सोप्यात येई. माजघरात घरचेच, आणि दागिन्यांची पेटी त्याहून आत. पाहुण्याला ओसरीवर पाणी-गूळ मिळे, पण त्याला माजघर ओलांडून तिजोरीपर्यंत जाता येत नसे, आणि त्यात पाहुण्याचा अपमानही नसे. पेटीतही अशी पाहुण्यांची ओसरी वेगळी करिता येते. यंत्रे एका जाळ्यावर, हिशेब दुसऱ्यावर आणि आल्यागेल्यांचे फोन तिसऱ्यावर ठेवावेत. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर आज्ञावलीने जगभर धुमाकूळ घातला. तिला अडविणारी दुरुस्ती दोन महिने आधीच निघाली होती. ज्यांनी ती लावली नव्हती ते सापडले. पुढच्याच महिन्यात तशाच दुसऱ्या हल्ल्याने आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका धक्क्याचे काम थंडावले. २०२१ च्या फेब्रुवारीत तर पिंपरी-चिंचवडच्या स्मार्ट सिटी प्रकल्पातील २७ सर्व्हरवर असा हल्ला झाल्याची तक्रार पोलिसांत नोंदली गेली. हे हल्ले बिनतारी वाटेने आले असे मी म्हणत नाही. परंतु आग कोठूनही लागो, खोल्यांच्या मध्ये भिंती असल्या तर ती एका खोलीत राहते.

दुसरी गोष्ट पेटीच्या स्वतःच्या किल्लीची. वाय-फायचा परवलीचा शब्द वेगळा आणि सेटिंगच्या पानात शिरण्याचा शब्द वेगळा, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. कारखान्यातून येताना तो दुसरा शब्द ‘ॲडमिन’ असा काहीतरी सर्वांना सारखाच असे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या आज्ञावलीने अशा साठेक ठराविक जोड्या पाठ करून जगभरचे लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले आणि त्या फौजेच्या बळावर मोठमोठ्या संकेतस्थळांची दारे बंद पाडली. तो शब्द बदलणे आणि बाहेरून पेटी चालविण्याची सोय बंद ठेवणे, ही दहा मिनिटांची कामे आहेत.

काही उपाय मात्र पोकळ आहेत, तेही सांगितले पाहिजे. जाळ्याचे नाव लपवून ठेविले म्हणजे चोराला घर सापडणार नाही, असे पुष्कळांना वाटते. पण घरचे यंत्र जोडले जाताना ते नाव उघड्यावर उच्चारतेच. उलट आपला फोन बाहेरगावी गेल्यावरही त्या लपविलेल्या नावाने हाका मारीत फिरतो. ठराविक यंत्रांच्या क्रमांकांनाच प्रवेश देण्याची यादी करितात, तिचेही तसेच. ते क्रमांक हवेत उघडे असतात आणि त्यांची नक्कल करिता येते. या उपायांनी शेजारचे पोर अडेल, पण ठरवून आलेला माणूस अडणार नाही. लहरीचा मार्ग निवडताना मात्र शेजारधर्म पाहावा. २.४ च्या पट्ट्यात एक, सहा आणि अकरा हेच तीन मार्ग एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. अकारण पूर्ण शक्तीने ओरडणारी पेटी आपला आवाज रस्त्यावरच्या गाडीपर्यंत पोहोचविते आणि शेजाऱ्याचेही बोलणे बुडविते.

येथे कोणी मला विचारील: “अहो, पाणपोई घालणारी आपली संस्कृती. तहानलेल्याला पाणी द्यावे तसे वाटसरूला थोडे वाय-फाय दिले तर बिघडले कोठे?” प्रश्न चांगल्या मनातून आलेला आहे. माझे उत्तर असे की पाणपोई जरूर घालावी. २०१६ पासून रेल्वेस्थानकांवर अशा पाणपोया सुरू झाल्या. २०२० च्या डिसेंबरात सरकारने लहान दुकानदारालाही लोकांना वाय-फाय देता यावे अशी योजना मंजूर केली. परंतु पाणपोईवर माणूस बसलेला असतो. तो रांजण झाकतो, ओगराळ्याने पाणी देतो. घरातला हंडा उघडा टाकून, दार सताड ठेवून निघून जाणे याला पाणपोई म्हणत नाहीत. सानपाड्याचा तो गृहस्थ दान करीत नव्हता. त्याचे दार नुसते उघडे राहिले होते.

खडकीच्या केंद्रापासून भोसरीच्या शेडपर्यंत शंभर वर्षांच्या आत ही किल्ली केवढा प्रवास करून आली! साम्राज्याच्या हातून ती स्वतंत्र भारताच्या सरकारकडे आली, आणि सरकारच्या हातून तुमच्या-माझ्याकडे. उषाताईंच्या पिढीला एका प्रेषण-यंत्रासाठी येरवड्यास जावे लागले. आपल्याला ते दुकानात विकत मिळते. म्हणून माझी विनंती एवढीच की आज घरी गेल्यावर ते पान एकदा उघडावे. घरच्या तरुण मुलामुलीला शेजारी बसवून घ्यावे. पेटीचा जुना शब्द बदलावा, डब्ल्यूपीएस बंद करावे, आलेली दुरुस्ती लावावी, पाहुण्यांची ओसरी वेगळी करावी, आणि आपल्या जाळ्यावर या घडीला कोणकोणती यंत्रे आहेत त्यांची यादी वाचावी. तीत एखादे अनोळखी नाव दिसले, तर ते कोणाचे हे विचारण्याचा अधिकार आपला आहे. २००५ पासून ती विचारपूस आपलीच जबाबदारीही आहे.